गुऱ्हाळात भाजलेल्या हाताला कातडीचं टेम्पलेट : आमचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या आप्पांचा उजवा हात गुळाच्या पाकानं भाजला. कोल्हापुरात त्यावर जे ऑपरेशन झालं त्यात डर्मल टेम्पलेट म्हणून एक प्रकार वापरला, म्हणजे जळून गेलेल्या आतल्या कातडीच्या जागी बसवायचा, लॅबमध्ये बनवलेला थर. तेव्हा हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी रात्रभर फोनवर शोधत होतो, मराठीत कुणी काही लिहिलंय का, कुणाच्या हाताचं पुढं काय झालं, किती दिवस लागले, पण काही म्हणजे काही मिळालं नाही, जे होतं ते इंग्लिशमध्ये नाहीतर जाहिराती. आता वर्ष झालंय, हात समोर दिसतोय, म्हणून बसून लिहितोय. आमच्याकडं हंगामात दरवर्षी कोण ना कोण भाजतंय, गुऱ्हाळात, कारखान्यात, घरात, त्यातल्या एखाद्याच्या घरच्यांना तरी हे वाचून प्रश्न काय विचारायचे ते कळावं एवढंच. हॉस्पिटलचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण मला उपचाराबद्दल बोलायचंय, आणि एका पेशंटवरनं कुणाला चांगलं-वाईट ठरवणं मला पटत नाही.

आप्पा गुळव्या, म्हणजे पाक बघून गूळ उतरवणारा कारागीर. चाळीस वर्षं झाली, पन्हाळ्याच्या रस्त्याला आमचं गाव, पंचक्रोशीतली निम्मी गुऱ्हाळं त्यांच्या हाताखालनं गेलीत. त्या दिवशी तिसरं आदण, म्हणजे रसाची तिसरी खेप होती, पाक तयार झालेला, काहील, म्हणजे पाक उकळायची मोठी कढई, चुलवाणावरनं ओढून वाफ्यात ओतायची तेवढी बाकी होती, आणि धरणाऱ्यांपैकी एकाचा पाय मळीवरनं घसरला. काहील कलली आणि पाक आप्पांच्या उजव्या हातावर, बोटांच्या मागच्या बाजूपासनं पार कोपराच्या वर चार बोटं. पाणी शंभर डिग्रीला उकळतंय, गुळाचा पाक उतरवायच्या वेळी ११८ च्या आसपास असतोय, आणि पाणी निदान ओघळून तरी जातंय, पाक चिकटून बसतोय आणि आत आत भाजत राहतोय. हे मला नंतर कळलं, आप्पांना आधीच माहीत होतं.

कुणी टूथपेस्ट आणायला पळालं, कुणी शाई म्हणालं, कुणी चुना. ट्रॅक्टरवरच्या एका पोरानं कुणाचं न ऐकता आप्पांचा हात धरून बोअरच्या पाईपखाली घातला आणि वीस मिनिटं हलू दिला नाही, आणि बोटातली अंगठी आधी काढली. त्या पोराचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. नंतर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या की तळहात वाचला तो पाण्यामुळं, आणि अंगठी राहिली असती तर सूज आल्यावर बोट गेलं असतं.

त्यानंतर मात्र आमचे दोन दिवस वाया गेले. वाटेतल्या एका दवाखान्यात मलम लावून पट्टी बांधली आणि पंधरा दिवसात खपली धरेल म्हणून घरी पाठवलं. आप्पांना दुखतही नव्हतं फारसं, म्हणून आम्ही पण निवांत. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर कातडं पांढरं, चिवट, वाळल्या चामड्यासारखं. मग गाडीत घातलं आणि थेट कोल्हापूर, प्लास्टिक सर्जरीचा विभाग असलेल्या हॉस्पिटलात. मॅडमनी सुई टोचून बघितली, आप्पा म्हणाले काय कळंना. आम्हाला बरं वाटलं, मॅडमचा चेहरा पडला. म्हणाल्या, दुखत नाही ही चांगली गोष्ट नाही, आतल्या नसा जळाल्यात म्हणून दुखत नाही. कुणाचं भाजलेलं पांढरं पडलं असेल आणि दुखत नसेल तर एक दिवस पण घरी बसू नका, हे मी जितक्या मोठ्यानं सांगता येईल तितक्या मोठ्यानं सांगतोय.

आता मूळ मुद्द्यावर. आपली कातडी दोन थरांची. वरचा थर पातळ, तो सारखा नवा येतो, खरचटलं तरी आठवड्यात भरतो. खालचा थर जाड, त्यात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं विणकाम, ज्याच्यामुळं कातडी ताणली तरी परत जागेवर येते. हा खालचा थर एकदा पूर्ण गेला की शरीर तो परत तसा बनवत नाही. त्या जागी व्रणाचं कातडं भरतं, आणि व्रण आखडतो. पाठीवर आखडला तर माणूस चालवून घेतो, पण कोपराच्या खोबणीत आखडला तर हात वाकडा तो वाकडाच, घास तोंडाला लागतो पण हात सरळ होत नाही. आप्पांच्या बाबतीत कोपर तर होताच, शिवाय हाताच्या मागच्या बाजूला जळालेलं साफ केल्यावर दोन बोटांचे टेंडन, म्हणजे बोटं उघडणाऱ्या दोऱ्या, उघड्या दिसत होत्या. उघड्या टेंडनवर मांडीची कातडी काढून नुसती चिकटवली तर ती धरत नाही, कारण खालनं रक्तच मिळत नाही.

मॅडमनी आम्हाला तीन वाटा सांगितल्या, आणि हे त्यांचं मला सगळ्यात आवडलं, कागदावर हाताचं चित्र काढून, आप्पांना समोर बसवून, माझ्याशी नाही तर त्यांच्याशी बोलून. एक, मांडीची जाड कातडी, पण कोपराला आखडायचा धोका मोठा. दोन, हात पोटाला शिवायचा, म्हणजे पोटाची कातडी एका बाजूनं सोडवून हातावर घ्यायची आणि तीन आठवडे हात तसाच पोटाला जोडलेला, पोटाकडनं रक्त मिळत राहतं, हातानं धरलं की मग तोडायची. ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे, अजून सर्रास करतात. जुनी म्हणजे किती, तर १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडची हकीकत छापून आली होती, कावसजी नावाच्या गाडीवानाचं टिपूच्या सैनिकांनी कापलेलं नाक आपल्याकडच्या एका कुंभारानं कपाळाची कातडी वळवून परत बनवलं, तिच्यावरनं युरोपातले डॉक्टर ती रीत शिकले. तत्त्व तेच, कातडी आपलं रक्त आपल्याबरोबर घेऊन येते. आणि तिसरी वाट हे टेम्पलेट, ज्याच्यात रक्त बरोबर येत नाही, तर रक्त येईपर्यंत वाट बघायची.

टेम्पलेट हातात घेऊन बघितलं तर काय वाटणार नाही, ओला जाडसर टिश्यू पेपर आणि वर प्लास्टिकसारखा पारदर्शक पापुद्रा. पापुद्रा सिलिकॉनचा, तो तात्पुरती वरची कातडी म्हणून काम करतो, आतलं पाणी उडू देत नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. खालचा जो स्पंजसारखा थर आहे तो खरा महत्त्वाचा, तो कोलॅजनचा, त्यात बारीक बारीक भोकं, आणि ती भोकं मापाची लागतात, फार बारीक झाली तर पेशी आत शिरत नाहीत आणि फार मोठी झाली तर त्यांना धरायला जागा उरत नाही. त्या भोकांतनं खालच्या जखमेतल्या पेशी आणि रक्तवाहिन्या वर वर चढत येतात, स्वतःचं कोलॅजन घालतात, आणि जसजसं स्वतःचं तयार होतं तसतसं बाहेरनं आणलेलं विरघळून जातं. मी गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहे, मला पहिल्यांदा वाटलं हा मोल्डसारखा साचा असेल, पण मोल्डमध्ये आपण बाहेरनं धातू ओततो, इथं ओतणारं कोण नाही, आतनं वाढून येतंय. आप्पांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, म्हंजी घेवड्याला मांडव घालतोय तसं म्हणा की, येल वर गेला की मांडव कुजला तरी चालतंय. मॅडम म्हणाल्या, आजपासनं मी पेशंटना असंच सांगणार.

ही कल्पना अमेरिकेत बोस्टनला निघाली, जॉन बर्क म्हणून भाजलेल्यांवर उपचार करणारे सर्जन आणि एमआयटी विद्यापीठातले योआनिस यानास म्हणून शास्त्रज्ञ, दोघांनी मिळून. त्यांनी १९८१ मध्ये पहिल्या पेशंटांवरचे निकाल छापले आणि १९९६ मध्ये तिथल्या सरकारी खात्याची मंजुरी मिळाली. म्हणजे हे काय कालचं खूळ नाही, प्रयोग म्हणून आपल्यावर करून बघतायत असं पण नाही. मला ही भीती होती म्हणून सांगतोय.

आता एक नाजूक गोष्ट, आणि ती लपवून चालणार नाही. आमच्या टेम्पलेटमधलं कोलॅजन गाई-बैलाच्या स्नायुबंधापासनं काढलेलं असतं, आणि त्यात शार्क माशाच्या कूर्चेतला एक घटक मिसळलेला असतो. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, तीस वर्षं पंढरीची वारी, घरात अंडं पण शिजत नाही. मॅडमनी हे न विचारता स्वतःहून सांगितलं आणि म्हणाल्या, नको असेल तर नाही म्हणा, पोटाच्या कातडीचा रस्ता मोकळा आहे. प्राण्याचं काहीच नसलेला, पॉलियुरेथेनच्या फोमचा प्रकार पण निघालाय, ऑस्ट्रेलियात बनलेला, पण आमच्या दिवसांच्या हिशोबात तो मिळण्यासारखा नव्हता. आप्पा रात्रभर गप्प होते. सकाळी म्हणाले, माझ्या बापानं बैलाच्या चरकावर गुळ केला, त्या बैलांनी आमाला जगवलं, आता हातबी त्यानंच दिला तर मी त्याला नाही कसं म्हणू. मग त्यांनीच सही केली, डाव्या हातानं. प्रत्येकाचं उत्तर हेच यावं असं माझं म्हणणं नाही, पण विचारणं प्रत्येकाचा हक्क आहे, डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा की हे कशापासनं बनलंय.

पैशाचं स्पष्ट सांगतो. टेम्पलेट चौरस सेंटिमीटरच्या हिशोबानं विकत मिळतं आणि महाग आहे. आमच्या बिलात सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटर मिळून जेवढं झालं त्याच्यापेक्षा एकट्या टेम्पलेटचं जास्त होतं. ऑपरेशन आणि बेडचा काही भार योजनेतनं हलका झाला, टेम्पलेट मात्र आम्हाला स्वतः घ्यावं लागलं, त्यासाठी गुऱ्हाळमालकानं निम्मी रक्कम न मागता आणून दिली आणि बाकी आम्ही सोनं ठेवून उभी केली. मॅडमनी पण सगळ्या हाताला नाही घातलं, जिथं भाजणं कमी खोल होतं तिथं साधा ग्राफ्ट, म्हणजे मांडीची कातडी काढून थेट चिकटवायची, आणि टेम्पलेट फक्त कोपराच्या खोबणीला आणि हाताच्या मागच्या बाजूला. हे मला प्रामाणिकपणाचं वाटलं. सरसकट सगळीकडं घालायला सांगितलं तर दोनदा विचारा की इथं साध्या ग्राफ्टनं भागणार नाही का.

पहिलं ऑपरेशन म्हणजे मेलेलं कातडं पूर्ण खरवडून, खाली रक्त दिसेपर्यंत, आणि त्यावर टेम्पलेट टाचण्यांनी बसवलं, वर स्पंज आणि हवा ओढणारं मशीन, कोपर सरळ ठेवायला स्प्लिंट. आणि मग सुरू झाली ती वाट बघायची पाळी, साधारण तीन आठवडे, आमच्या बाबतीत तेवीस दिवस. या उपचाराचा खरा कस इथं लागतो. या काळात हात घासला, सरकला, खाली रक्त साचलं किंवा जंतू शिरले की सगळं वाया, कारण नवीन रक्तवाहिन्या केसापेक्षा नाजूक, एकदा थर वर उचलला गेला की तुटल्या.

सिलिकॉन पारदर्शक असल्यामुळं ड्रेसिंग बदलताना खालचा रंग दिसतो. पहिल्यांदा लालभडक, मग गुलाबी, मग फिकट पिवळट, आणि तयार झालं की पिकल्या पपईच्या आतल्या बाजूसारखा. मॅडम त्या रंगावरनं ठरवतात की आत रक्त कुठवर पोचलंय. आणि आमचे आप्पा जन्मभर तेच करत आलेले, काहिलीतल्या पाकाचा रंग बघून आता उतरवायचा का अजून दोन उकळ्या द्यायच्या हे सांगणं हाच त्यांचा धंदा. त्यामुळं ड्रेसिंगच्या वेळी दोघांची जी चर्चा चालायची ती ऐकण्यासारखी होती. नऊ-दहाव्या दिवशी सिस्टर पट्टी बांधायला लागल्या तर आप्पांनी थांबवलं, म्हणाले, कोपरापाशी ह्या कोपऱ्यात मळी धरलीय बघा, बाकीच्याचा रंग पुढं गेलाय आणि हितला काळवंडलाय. सिस्टरना वाटलं उगाच, पण त्यांनी मॅडमना बोलावलं. खरंच तिथं रक्त साकळलं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. सिलिकॉनला बारीक चीर देऊन काढलं, धुतलं, परत दाबून बसवलं. तेवढा तुकडा नीट धरला नाही, तिथं आजपण कातडी जरा घट्ट आहे, पण दोन दिवस उशीर झाला असता तर कोपराचा निम्मा भाग गेला असता असं मॅडम स्वतः म्हणाल्या. पेशंटजवळ थांबणाऱ्यांनी रोज रंग बघा, फोटो काढून ठेवा, कालच्या फोटोशी ताडून बघा, आणि शंका आली की सांगा, लाजू नका.

खाण्याचं पण सांगतो कारण नवीन कातडी प्रथिनांतनंच बनते आणि आप्पा शाकाहारी. आहारतज्ज्ञ ताईंनी दिवसाला किती लागेल ते लिहून दिलं, मग घरनं दोन वेळा घट्ट डाळ, शेंगदाण्याचा कूट घातलेली उसळ, पनीर, आणि गंगावेशीतनं म्हशीचं दूध आणून उकळून. तंबाखू पूर्ण बंद. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि इथं तर सगळा खेळ त्यांचाच. आप्पांना ते हाताच्या दुखण्यापेक्षा अवघड गेलं, पण सोडली ती सोडली.

तेविसाव्या दिवशी दुसरं ऑपरेशन, सिलिकॉनचा पापुद्रा दुधावरची साय काढावी तसा निघाला, खाली नवीन थर तयार, टेंडन झाकून गेलेले. त्याच्यावर मांडीची अगदी पातळ कातडी, नेहमीच्या ग्राफ्टपेक्षा बरीच पातळ, पसरली. पातळ घेतल्यामुळं मांडीची जखम लवकर भरली, पण ती आठ-दहा दिवस दुखते आणि जोरात दुखते, हे आम्हाला कुणी आधी ठासून सांगितलं नव्हतं. हाताला भाजल्यावर एकदाही न कण्हलेला माणूस मांडीच्या पट्टीला कण्हत होता.

आणि त्यानंतरचं काम सगळ्यात लांबचं. प्रेशर गारमेंट, म्हणजे मापानं शिवलेला घट्ट मोजा बोटांपासनं दंडापर्यंत, दिवसातले तेवीस तास, फक्त अंघोळीला काढायचा, जवळजवळ वर्षभर. फिजिओ रोज. एप्रिल-मे महिन्यात त्या मोज्यात काय होत असेल कल्पना करा. महिन्याभरानं आप्पा कंटाळले, मी शिफ्टवर असताना मोजा काढून ठेवायचे, तर तीन आठवड्यात मनगटाजवळ व्रण जाड व्हायला लागला, मग आईनं ताबा घेतला. एवढं महागाचं टेम्पलेट घालून मोजा आणि व्यायाम करणार नसाल तर पैसे मातीत घातल्यासारखं आहे, मी अगदी मनापासनं सांगतोय.

निकाल काय, तर कोपर जवळजवळ पूर्ण सरळ होतोय, शेवटचं थोडं राहिलंय. मूठ वळतेय, करंगळी पूर्ण मिटत नाही. कातडी चिमटीत उचलता येते, दुसऱ्या जागी जिथं साधा ग्राफ्ट आहे तिथली कातडी खालच्याला चिकटल्यासारखी आहे, टेम्पलेटवरची मऊ आहे आणि हलते, हा फरक आंधळ्याला पण हात लावून कळेल. हलका स्पर्श कळायला लागलाय. पण त्या भागाला घाम येत नाही आणि केस उगवत नाहीत, कारण घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं टेम्पलेटमधनं परत येत नाहीत, आजच्या तारखेला कुठल्याच बनवलेल्या कातडीत ती पूर्ण येत नाहीत. चुलवाणाच्या धगीत काम करणाऱ्या माणसाला ही लहान गोष्ट नाही. घाम येत नाही तो भाग तापतो, म्हणून आप्पा सुती बाही ओली करून घालतात. गरम-थंड पण नीट कळत नाही तिथं, म्हणून वाफेच्या बाजूला डावा हात पुढं. रंग ठिपक्याठिपक्यांचा आहे, त्याचं आम्हाला काही नाही.

पाचापैकी द्यायचे तर मी उपचाराला चार देईन. एक कापला तो किमतीसाठी आणि मांडीचं आधी न सांगितल्याबद्दल.

हे सगळं समजून घ्यायला शेजारच्या वहिनींच्या भाचीची फार मदत झाली, ती इथंच डी. वाय. पाटील विद्यापीठात स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासनं दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी, आणि रिजनरेटिव्ह मेडिसिन, म्हणजे शरीराचे भाग परत वाढवायचं शास्त्र, यात एम.एस्सी. करतेय. कोल्हापुरात असा विभाग आहे हेच मला माहीत नव्हतं. तिला मी जेवढे प्रश्न विचारले तेवढे मी शाळेत विचारले असते तर इंजिनिअर झालो असतो. मी विचारलं, मग आप्पांच्याच पेशी वाढवून अख्खी कातडी का नाही बनवत? ती म्हणाली बनवतात की, १९७५ पासनं येतंय ते, हॉवर्ड ग्रीन आणि राइनवाल्ड यांनी शोधलं, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कातडीतनं तीन-चार आठवड्यात अख्ख्या अंगाला पुरेल एवढी वरची कातडी वाढवता येते. १९८३ मध्ये अमेरिकेत दोन लहान भाऊ, अंगाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग भाजलेले, त्यातनं वाचले. पण ती फक्त वरचा थर असते, पापडापेक्षा नाजूक, खाली आतला थर नसेल तर फोड येऊन निघते. ज्याच्या अंगावर काढायला कातडीच उरली नाही त्याला ती, आप्पांची मांडी धडधाकट होती. २०१५ मध्ये जर्मनीत तर एका सात वर्षांच्या पोराला, जन्मतःच कातडी गळून पडायचा रोग होता त्याला, त्याच्याच पेशीत दोषी जीनची निरोगी प्रत घालून अंगाच्या ८० टक्के भागावर नवीन कातडी बसवली, इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या लॅबनं वाढवलेली, पोरगं पुढं शाळेत जायला लागलं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

मग आईनं विचारलं ते आमच्या मावशीबद्दल. मावशी तीन वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्यातनं दोनदा. आईला वाटलं कातडी होतेय तर किडनी पण होत असेल. त्या पोरीनं खोटी आशा दाखवली नाही, याचं मला कौतुक आहे. म्हणाली, काकू, कुठलीपण पेशी रक्तवाहिनीपासनं मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षा लांब गेली की तिला प्राणवायू पोचत नाही आणि ती मरते. कातडी पातळ आहे, खालनं रक्त चढून येईपर्यंत ती तग धरते. मूत्राशय पण पिशवीसारखा पातळ भिंतीचा, म्हणून अँथनी अटाला यांनी मुलांच्याच पेशी लावून वाढवलेली मूत्राशयं सात मुलांना बसवली आणि २००६ मध्ये त्याचे निकाल छापले. पण किडनी भरीव, एका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या, प्रत्येकीला आपली रक्तवाहिनी, आणि हे सगळं जाळं पहिल्या मिनिटापासनं चालू पाहिजे. लॅबमध्ये किडनीचे बारीक गोळे वाढवतात, मसुराच्या दाण्याएवढे, औषधं तपासायला उपयोगी, माणसात बसवायला नाही. आईनं मान हलवली आणि मावशीचं नाव ट्रान्सप्लांटच्या यादीत आहे का ते परत एकदा बघून घे म्हणाली.

हे मी एवढ्यासाठी लिहिलं की त्याच महिन्यात कुणीतरी मावशीला एक पत्रक आणून दिलं होतं, स्टेम सेलच्या इंजेक्शननं किडनी, गुडघा, साखर सगळं बरं, तीन इंजेक्शनचा कोर्स. मावशीचा मुलगा पैसे जमवायला लागला होता. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची देशातली सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमावलीत सरळ लिहिलंय की रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा बाकी वापर रीतसर चाचणीतच करायचा, आणि चाचणीत पेशंटकडनं पैसे घेत नाहीत. औषध नियंत्रकांची परवानगी मिळालेली अशी उत्पादनं थोडकी आहेत, आणि परवानगी असेल तर कागद दाखवता येतो. आम्ही तो कागद मागितला, त्या माणसानं नंतर फोन उचलला नाही. मावशीचे पैसे वाचले.

किमतीबद्दल मात्र मला आशा वाटते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डुकराच्या पित्ताशयापासनं जखमेवर लावायचा असाच एक पडदा बनवलाय, कोलेडर्म नावानं, त्याला २०२३ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, आणि बाहेरनं येणाऱ्या मालापेक्षा तो बऱ्याच कमी पैशात पडावा हाच त्यामागचा उद्देश. प्राण्याचा प्रश्न तिथं पण आहेच, पण आपल्या देशात बनतंय म्हटल्यावर उद्या आमच्यासारख्याला सोनं ठेवावं लागणार नाही.

आणि एक, ज्याला पैसे लागत नाहीत. मेल्यानंतर सहा तासांच्या आत कातडी दान करता येते. मांडी, पाय, पाठ इथला पातळ वरचा थर घेतात, शरीर विद्रूप होत नाही, रक्तगट जुळवायची गरज नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते. मुंबईत सायन हॉस्पिटलची त्वचा बँक २००० सालापासनं आहे, ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटरची आहे. दुसऱ्याची कातडी कायमची धरत नाही, काही आठवड्यांनी शरीर ती टाकून देतं, पण निम्म्याच्या वर भाजलेल्या माणसाला ते आठवडेच लागतात जगायला. आप्पांच्या शेजारच्या बेडवर एक पोरगी होती, तिच्यासाठी अशी कातडी आणलेली. आप्पांनी घरी आल्यावर आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलंय, माझं झालं की आधी त्वचा बँकेला फोन करायचा, मग पावण्यांना.

यंदाचा हंगाम सुरू झाला तेव्हा आप्पांनी काहील ओढायला हात लावायचा नाही एवढ्या अटीवर मॅडमनी परवानगी दिली. पहिलं आदण उतरवायच्या वेळी मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो होतो. पाण्याच्या वाटीत पाक टाकून गोळी त्यांनी उजव्या हातानंच वळून बघितली, दोनदा, आणि ओढा म्हणाले. त्याच गुळाचा किलोचा रवा, म्हणजे छोटी ढेप, घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी मॅडमकडं गेलो. त्यांनी आधी आप्पांना कोपर सरळ करायला लावला, मूठ वळायला लावली, करंगळी धरून बघितली, आणि मग रवा घेतला.